आडनाव हा पुस्तकाचा विषय नसतो

मुसलमान लेखकाची मराठी कादंबरी वाचनालयात आली, तर ती कुठल्या कपाटात जाते? उत्तर सोपं असायला हवं. कादंबरी कादंबऱ्यांत, कविता कवितांत, आत्मचरित्र चरित्रांत. पण आपल्याकडच्या कित्येक वाचनालयांत तसं होत नाही. मुखपृष्ठावर शेख, पठाण, सय्यद, मुल्ला, तांबोळी असं आडनाव दिसलं की पुस्तक 'मुस्लिम', 'इस्लाम' किंवा सरळ 'इतर धर्म' अशी चिठ्ठी लावलेल्या खणात जाऊन बसतं. तिथे कुरआनचा मराठी अनुवाद असतो, नमाज शिकवणारी पुस्तिका असते, तलाकवरच्या एखाद्या परिसंवादाचं संकलन असतं. आणि त्यांच्याच शेजारी एखाद्या गझलकाराचा संग्रह निमूट उभा असतो.

एका तालुक्याच्या गावी मी प्रेमकवितांचं पुस्तक 'धार्मिक'च्या कपाटात पाहिलं. ग्रंथपालांना विचारलं, तर ते म्हणाले, "नाव बघून टाकलं, सर. प्रत्येक पुस्तक उघडून बघायला वेळ कुठं आहे?" त्यांच्यावर माझा राग नाही. अनुदानाच्या तुटपुंज्या मानधनावर ते झाडलोटीपासून दाखल नोंदवहीपर्यंत सगळं एकट्याने करतात. पण त्यांचं उत्तर प्रामाणिक होतं आणि म्हणूनच महत्त्वाचं आहे. नाव बघून टाकलं. आपल्या समाजात नाव बघून घर नाकारलं जातं, नाव बघून नोकरीचा अर्ज बाजूला पडतो. पुस्तकाच्या बाबतीत वेगळं काही घडेल अशी अपेक्षा ठेवायला आपण फार भाबडे असायला हवं.

याला कुणी किरकोळ निष्काळजीपणा म्हणेल. मी म्हणणार नाही. ही एक भूमिका आहे, आणि ती चुकीची आहे.

एक पुस्तक, एक जागा

ग्रंथालयशास्त्रात वर्गीकरण ही कल्पना एका साध्या अडचणीतून आली. एका पुस्तकात दहा विषय असू शकतात, पण पुस्तक उभं राहतं एकाच जागी. तेव्हा ते कुठे उभं करायचं हे कुणाला तरी ठरवावं लागतं. हे ठरवणं म्हणजे 'या पुस्तकात मुख्य काय आहे' याचा निवाडा देणं. पाठीवर चिकटवलेला क्रमांक म्हणजे तो निवाडा. वाचक पुस्तक उघडण्याआधीच त्याला सांगितलं जातं की हे कशाबद्दल आहे.

जगात सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत मेल्विल ड्युई यांची. १८७६ साली अमेरिकेत त्यांनी ४४ पानांची एक पुस्तिका काढली. सगळं ज्ञान दहा वर्गांत विभागलं, प्रत्येक वर्गाचे पुन्हा दहा भाग, त्यांचे पुन्हा दहा. आपल्या महाविद्यालयीन आणि मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयांत आजही हीच दशांश पद्धत चालते.

आता या पद्धतीचा नियम काय सांगतो ते बघा. साहित्याचं पुस्तक असेल तर आधी भाषा पाहायची, मग प्रकार. मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. त्यापुढे १ लावला की कविता, २ लावला की नाटक, ३ लावला की कथा-कादंबरी. म्हणजे मराठी कादंबरी ८९१.४६३. लेखकाचा धर्म कोणता, हा प्रश्न या संपूर्ण रचनेत कुठेही येत नाही. तो विचारायचाच नसतो. त्यामुळे 'आम्ही नियमाप्रमाणे केलं' अशी सबब कुणाला देता येणार नाही. नियमाने कादंबरी कादंबरीतच जाते. तिला उचलून २९७ मध्ये, म्हणजे इस्लामच्या क्रमांकावर नेऊन ठेवणारा हात नियमाचा नाही, आपल्या समजुतीचा आहे.

ड्युईचे दहा वर्ग आणि त्यातलं सातवं घर

याचा अर्थ ड्युई निर्दोष होते असा नाही. धर्माचा २०० हा वर्ग पाहिला की त्यांचं जग किती छोटं होतं ते कळतं. २२० ते २८० हे सगळे भाग ख्रिस्ती धर्माला. उरलेल्या साऱ्या जगाला २९० हा एक भाग. त्यात हिंदू आणि बौद्ध २९४ मध्ये, पारशी २९५ मध्ये, यहुदी २९६ मध्ये आणि आपण २९७ मध्ये. मूळ आवृत्तीत २९७ चं नाव होतं 'मोहमेडनिझम'. ज्या धर्माचा पहिला धडाच अल्लाहशिवाय कुणाची इबादत नाही हा आहे, त्याला पैगंबरांची पूजा करणाऱ्यांचा पंथ असल्यासारखं नाव. पुढे ते बदलून 'इस्लाम' झालं, पण घर तेच राहिलं.

साहित्यातही तेच. ८१० अमेरिकन, ८२० इंग्रजी, मग जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, लॅटिन, ग्रीक. उरलेल्या जगातल्या सगळ्या भाषा ८९० मध्ये कोंबलेल्या. मराठीला दशांश चिन्हानंतर जागा मिळाली. ज्ञानेश्वरांपासून आजवरचं मराठी साहित्य अमेरिकन माणसाच्या 'इतर'मध्ये आहे, हे ऐकून ज्यांना वाईट वाटतं, त्यांनी आपल्या वाचनालयातल्या 'इतर धर्म'च्या चिठ्ठीकडे एकदा बघावं. दुखणं एकच आहे, फक्त आपण एका ठिकाणी रुग्ण आहोत आणि दुसऱ्या ठिकाणी रोग.

ड्युई माणूस म्हणूनही तसेच होते. त्यांनी काढलेल्या लेक प्लॅसिड क्लबात यहुदी आणि कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. त्यावरून तक्रार झाली आणि न्यूयॉर्कच्या राज्य ग्रंथपालाचं पद त्यांना सोडावं लागलं. २०१९ मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने आपल्या सर्वोच्च पदकावरून त्यांचं नाव काढून टाकायचा ठराव केला. पदकावरून नाव गेलं, पण कपाटांवरची रचना बदलायला त्याहून जास्त चिकाटी लागते. ती चिकाटी दाखवणाऱ्यांची गोष्ट आपण ऐकायला हवी.

डोरोथी पोर्टर यांनी काय केलं

१९३० साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात डोरोथी पोर्टर नावाच्या कृष्णवर्णीय ग्रंथपालबाईंकडे कृष्णवर्णीयांविषयीच्या पुस्तकांचा संग्रह आला. ती पुस्तकं कशी लावायची म्हणून त्यांनी इतर ग्रंथालयांत पाहिलं, तर कृष्णवर्णीय माणसाने लिहिलेलं जवळपास सगळं दोनच क्रमांकांवर सापडलं. ३२६, म्हणजे गुलामगिरी. आणि ३२५, म्हणजे वसाहती आणि स्थलांतर. जेम्स वेल्डन जॉन्सन यांच्यासारख्या नामवंत कवीची कवितासुद्धा ३२५ मध्ये. कवी काळा, म्हणून कविता वसाहतीच्या कपाटात.

पोर्टरबाईंनी ते मान्य केलं नाही. कवितेला कवितेत, संगीताला संगीतात, इतिहासाला इतिहासात नेऊन ठेवलं. त्यासाठी ड्युईचे आकडे त्यांनी स्वतःच्या हिमतीवर वाढवले, मोडले, जोडले. १९७३ मध्ये निवृत्त होईपर्यंत हे काम त्या करत राहिल्या. आज तो संग्रह आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाच्या जगातल्या मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत, मोर्चा काढला नाही. पुस्तकं उचलली आणि त्यांच्या हक्काच्या जागी ठेवली.

सॅनफर्ड बर्मन यांची गोष्टही तशीच. हे अमेरिकन ग्रंथपाल झांबियाच्या विद्यापीठात काम करत होते. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयशीर्षकांत आफ्रिकी लोकांसाठी 'काफिर' असा शब्द होता. अरबीतून निघालेला हा शब्द दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या तोंडी शिवी बनला होता, हे त्यांना तिथल्या सहकाऱ्यांनी सांगितलं. बर्मन यांनी मग ही सगळी विषयशीर्षकं चाळली आणि १९७१ मध्ये त्यातल्या पूर्वग्रहांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांनी सुचवलेले पुष्कळ बदल नंतरच्या वर्षांत एक-एक करून मान्य झाले. ज्या शब्दावरून आज आपल्याकडे रोज टीव्हीवर गोंधळ घातला जातो, तोच शब्द एका ग्रंथालयाच्या कार्डावर दुसऱ्याच लोकांचा अपमान करत बसला होता, ही गोष्ट आपणही लक्षात ठेवावी. शब्द कुणाच्या हातात आहे, यावर तो कुणाला लागतो ते ठरतं.

रंगनाथन यांचा धडा

आपल्याला अमेरिकेत जायची तरी काय गरज? या विषयातला विसाव्या शतकातला सर्वांत मोठा माणूस भारतातला. एस. आर. रंगनाथन हे गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. लंडनला शिकायला गेले असताना तिथल्या एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणं पाहिलं. थोड्याच पट्ट्या आणि स्क्रू, पण त्यातून हवं ते बनवता येतं. पुस्तकाचा विषयही असाच सुट्या भागांतून जोडता येईल, ही कल्पना त्यांना तिथे सुचली. १९३३ मध्ये त्यांची कोलन पद्धत प्रसिद्ध झाली.

या पद्धतीत साहित्याचा क्रमांक कसा बनतो ते मला प्रत्येक वाचनालयाच्या भिंतीवर लावावंसं वाटतं. आधी भाषा. मग प्रकार. मग लेखक, आणि लेखक ओळखायचा त्याच्या जन्मवर्षावरून. शेक्सपिअर १५६४ चा, म्हणून त्याच्या क्रमांकात 'जे६४'. एकोणीसशेच्या शतकाला 'एन' हे अक्षर. बस्स. जात नाही, धर्म नाही, गाव नाही. भाषा, प्रकार आणि तुम्ही कधी जन्मलात.

आता हीच पद्धत मराठी कादंबरीला लावून बघा. भाऊ पाध्ये १९२६ चे, ते एन२६. हमीद दलवाई १९३२ चे, ते एन३२. भालचंद्र नेमाडे १९३८ चे, ते एन३८. कोकणातल्या दंगलीवरची 'इंधन' ही कादंबरी पाध्ये आणि नेमाडे यांच्या मधल्या काळात, एका पिढीच्या मराठी कादंबरीत उभी राहते. जिथे ती आहे, तिथेच. कवितेत बघा. इंदिरा संत १९१४, अमर शेख १९१६, विंदा करंदीकर १९१८. बार्शीचा शाहीर या दोघांच्या मधोमध. अशा कपाटापुढे उभा राहिलेला मुलगा विंदांचं पुस्तक काढताना त्याचा हात अमर शेखांच्या 'कलश'ला लागेल. याच लागण्यासाठी ग्रंथालय असतं.

पुस्तकं वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हा रंगनाथन यांच्या ग्रंथालयशास्त्राचा पाया. त्यातला शेवटचा भाग आपण विसरलो. 'मुस्लिम' कपाटात पडलेल्या कादंबरीला तिचा वाचक मिळत नाही. कादंबरी वाचणारा तिकडे फिरकत नाही, आणि तिकडे जाणारा कादंबरी शोधत नसतो.

बगदादच्या पुस्तकविक्याची यादी

आमच्या काही मित्रांना हे सगळं पाश्चात्त्यांचं वाटतं. त्यांच्यासाठी एक जुनी आठवण. इब्न अल-नदीम हा बगदादचा वर्राक, म्हणजे पुस्तकांच्या नकला करून विकणारा. इ. स. ९८७ च्या सुमारास त्याने 'अल-फिहरिस्त' लिहिलं. अरबीत उपलब्ध असलेल्या पुस्तकांची यादी, दहा भागांत. पहिल्या भागात निरनिराळ्या लोकांच्या लिप्या, मग यहुदी आणि ख्रिस्ती धर्मग्रंथ आणि त्यानंतर कुरआन. पुढे व्याकरणकार, इतिहासकार, कवी, धर्मचिंतक, फकीह. सातव्या भागात तत्त्वज्ञ, गणिती आणि वैद्य. आठव्यात किस्से-कहाण्या. नवव्यात इतर धर्मपंथ, त्यात हिंदुस्तानसुद्धा.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. हुनैन इब्न इसहाक हा ख्रिस्ती होता. ग्रीक वैद्यक अरबीत आणणारा सर्वांत मोठा अनुवादक. साबित इब्न कुर्रा हा हर्रानचा साबी, ज्यांना नक्षत्रपूजक म्हणत. हे दोघे 'फिहरिस्त'मध्ये सापडतात सातव्या भागात. हुनैन वैद्यांत, साबित गणितींत. नवव्या भागात 'इतर धर्मपंथ' हा मथळा इब्न अल-नदीमच्या हाताशी होता. नाव बघून टाकायचं असतं तर त्याला सोपं होतं. त्याने माणसांना त्यांच्या कामाच्या जागी बसवलं. हजार वर्षांपूर्वीच्या बगदादमधल्या पुस्तकविक्याला जे जमलं, ते आज आपल्या वाचनालयांना का जमू नये?

नुकसान काय होतं

कुणी म्हणेल, पुस्तक वाचनालयात आहे ना, मग खण कुठला याने काय बिघडतं? बिघडतं ते असं.

महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली हजारो सार्वजनिक ग्रंथालयं मान्यताप्राप्त आहेत. त्यातल्या पुष्कळ ठिकाणी वाचक कपाटापर्यंत जातच नाही. तो काउंटरवर चिठ्ठी देतो किंवा 'एखादी चांगली कादंबरी द्या' म्हणतो. देणारा कादंबरीच्या कपाटातून देतो. दुसऱ्या कपाटातली कादंबरी त्याला आठवत नाही. पुस्तक घरी जात नाही. वर्षअखेर देवघेव पाहिली की 'मुस्लिम' विभागाची देवघेव जवळपास शून्य. मग खरेदीच्या वेळी समितीत कुणीतरी म्हणतं, या विषयाची पुस्तकं वाचली जात नाहीत, कशाला घ्यायची? आणि जागा कमी पडली की निर्लेखनाच्या यादीत पहिलं नाव याच खणाचं. निर्लेखन म्हणजे पुस्तक रद्दीत.

बघा, यात कुठेही कुणी द्वेषाने वागलेलं नाही. चुकीच्या कपाटापासून रद्दीपर्यंतचा प्रवास प्रत्येक पायरीला अगदी तर्कशुद्ध आहे. आणि शेवटी हातात काय उरतं? 'मुसलमान मराठीत फारसं लिहीत नाहीत' असा एक समज. तो समज मग भाषणांत येतो, अग्रलेखांत येतो, पाठ्यपुस्तकाच्या समितीत येतो. लिहिलेलं आधी आपणच लपवायचं आणि मग लिहीत नाहीत म्हणायचं.

दुसरं नुकसान अधिक खोल आहे. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावरचं पुस्तक वस्त्रोद्योगात असायला हवं, क्रमांक ६७७. मुसलमान घरातल्या स्वयंपाकावरचं पाककृतीत, ६४१.५. विजापूरच्या घुमटावरचं वास्तुकलेत, ७२०. मुलींच्या शिक्षणावर मुसलमान बाईने लिहिलेलं शिक्षणात, ३७०. ही सगळी 'इस्लाम'मध्ये टाकली की सूत, मसाला, चुना आणि पाटी-पेन्सिल यांच्यासकट आमचं सगळं जगणं मजहब बनून जातं. मुसलमान माणूस सूत कातो ते धर्म म्हणून, जेवतो तेही धर्म म्हणून. राजकारणी आम्हाला असंच पाहतात, हे आपण रोज म्हणतो. पण ती नजर घडते कुठे? दहावीतला पोरगा प्रकल्पासाठी 'मुस्लिम समाज' शोधायला वाचनालयात जातो आणि त्याला एक कपाट दाखवलं जातं, तिथे.

हे फक्त आमच्या बाबतीत होतं असंही नाही. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा १९२३ चा ग्रंथ. तो चलनव्यवस्थेवर आहे, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाचायचा आहे. पण आपल्याकडे बाबासाहेबांचं सगळं एका खणात बसतं, आणि तो खण असतो 'दलित साहित्य' किंवा 'आंबेडकरी विचार'. अर्थशास्त्राच्या कपाटापुढे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला रुपयावर एका भारतीयाने एवढा मोठा ग्रंथ लिहिला आहे हे कळतच नाही. सन्मानाने वेगळं बसवलं तरी वेगळंच बसवलं जातं.

'तुम्हीच तर मुस्लिम मराठी म्हणता'

सर्वांत वजनदार आक्षेप हा आहे. १९९० मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सोबत्यांनी हे नाव विचारपूर्वक घेतलं. मग कपाटावर तेच नाव लिहिलं तर तक्रार कसली?

फरक साधा आहे. 'मुस्लिम मराठी' यातला दुसरा शब्द मराठी आहे. ते नाव म्हणजे मराठी साहित्याच्या घरात आमचीही खोली आहे हा दावा होता. कपाटावरची चिठ्ठी नेमकं उलटं करते. ती 'मराठी' पुसते आणि 'मुस्लिम' ठेवते. योगायोग बघा, त्याच १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. यू. म. पठाण. त्यांची हयात महानुभाव आणि संत साहित्याच्या संशोधनात गेली. नाव बघून टाकायचं म्हटलं तर महानुभावांवरचं संशोधन कुठल्या खणात जाईल? प्रश्न विचारला की उत्तरातला मूर्खपणा आपोआप दिसतो.

श्रीगोंद्याचे शेख महंमद घ्या. सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिणारे. रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, आणि ते लिहायलाच हवं होतं. अभ्यासकाने एका धाग्यात माणसं ओवणं वेगळं. तो एक प्रश्न घेऊन बसलेला असतो. पण ढेऱ्यांनी एकत्र अभ्यासलं म्हणून 'योगसंग्राम' संत साहित्याच्या कपाटातून उचलायचा नसतो. अभ्यासाचं पुस्तक हे एकाचं मत आहे, वाचक ते पारखून घेऊ शकतो. कपाट मात्र मत म्हणून समोर येत नाही. ते वस्तुस्थिती असल्यासारखं उभं असतं.

आणि ज्याला खरोखर मुसलमान लेखकांचं मराठी लेखन एकत्र हवं आहे, त्याची सोय करणं अवघड नाही. पुस्तक एकाच जागी ठेवावं लागतं, पण तालिकेत त्याच्या नोंदी हव्या तितक्या करता येतात. कार्डांच्या काळातही करता येत होत्या, आता तर ई-ग्रंथालयसारख्या संगणकप्रणाली आहेत. पुस्तक कादंबरीत उभं राहू दे आणि तालिकेत 'मुस्लिम मराठी साहित्य' हे विषयशीर्षकही लागू दे. शोधणाऱ्याला सापडेल, आणि न शोधणाऱ्याच्याही हाताला लागेल.

आपल्या घरातही बघू

इथवर वाचून माना डोलावणाऱ्या मोहल्ल्यातल्या मित्रांना थोडं थांबवतो. आपल्या दारुल मुतालात काय आहे? भिंतभर दीनियात. एक कपाट उर्दू शायरी. आणि कोपऱ्यात 'मराठी' नावाचा एक खण, त्यात शालेय गाईडं, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, एखादी फाटकी 'श्यामची आई' आणि एखादा भूगोल. विज्ञान असो, कविता असो, कायदा असो, मराठीत आहे ना, मग तिकडे टाका. हाही नाव बघून टाकण्याचाच प्रकार झाला, फक्त इथे नाव लेखकाचं नाही, भाषेचं आहे. ज्या मुलाची शाळा मराठी आहे, बाजार मराठी आहे, त्याला आपल्याच वाचनालयात मराठी परकी म्हणून भेटते. बाहेरच्यांकडे हिशेब मागायचा तर आपली वहीही उघडी ठेवावी लागेल.

बदलतं, बदलवलं तर

हे सगळं इतकं जुनं आणि अवाढव्य आहे की बदलणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी युनिव्हर्सल डेसिमल पद्धतीकडे पाहावं. ड्युईवरूनच तयार झालेली ही पद्धत. तिच्यातही धर्माच्या वर्गावर ख्रिस्ती धर्माचाच कब्जा होता. २००० साली तो संपूर्ण वर्ग नव्याने रचला गेला. भारतीय उपखंडातले धर्म, बौद्ध, यहुदी, ख्रिस्ती, इस्लाम, सगळ्यांना सारख्या पातळीवरची घरं मिळाली. आकाश कोसळलं नाही.

आपल्याला तर त्याहून फार थोडं करायचं आहे. साहित्य भाषा आणि प्रकार पाहून लावा, लेखकाचं नाव पाहून नको. 'इस्लाम' हा खण धर्माच्या पुस्तकांसाठी ठेवा आणि त्याला 'इतर' म्हणू नका. समाजावरची पुस्तकं ज्या प्रश्नावर आहेत त्या प्रश्नात ठेवा. पगडी बनवणाऱ्यावरचं पुस्तक पगडीत, पहिलवानावरचं कुस्तीत. चुकीच्या खणात पडून राहिलेलं पुस्तक निर्लेखनाला काढण्याआधी योग्य कपाटात किमान तीन वर्षं ठेवून बघा. आणि ग्रंथपालांच्या प्रशिक्षणात एक तास तरी यावर खर्च करा, कारण त्यांना कुणी हे सांगितलेलंच नाही.

यासाठी शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. प्रत्येक वाचनालयात सूचना वही असते, ती बहुधा कोरी असते. सभासद व्हा. वर्गणी भरा. कपाटं बघा. चुकीच्या जागी दिसलेल्या पुस्तकाचा दाखल क्रमांक लिहून ठेवा आणि सूचना वहीत लिहा: हे पुस्तक कादंबरी आहे, कृपया कादंबरीत ठेवावे. खाली सही, तारीख. पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊन बघा. नसेल हलवलं तर पुन्हा लिहा. ग्रंथपालांशी भांडू नका, त्यांना हात द्या. एका रविवारी चार जण मिळून दोन कपाटं सहज लावून होतात.

नागरिकत्वाच्या मोठ्या लढाया चालू राहतील. त्यांत कधी जिंकू, कधी हरू. ही लढाई एका खणापासून दुसऱ्या खणापर्यंतची आहे, फार तर दहा पावलांची. पण त्या दहा पावलांत पुस्तक धर्माच्या खणातून भाषेच्या खणात येतं. मराठीत लिहिलेलं पुस्तक मराठीतच असलं पाहिजे, एवढंच मागणं आहे.